यूट्यूब चॅनल सुरू करताना आधी काय करावं?

जालन्यातल्या मोसंबीच्या बागेतून व्हिडिओ काढायला मोबाईल पुरतो. शेतात वारा फार, त्यामुळे रिंगलाईटआधी साधा कॉलर माईक घ्या. जाहिरातीच्या पैशांसाठी मात्र १००० सबस्क्रायबर आणि वर्षभरात ४००० तासांचा वॉचटाइम लागतो, किंवा ९० दिवसांत शॉर्ट्सवर १ कोटी व्ह्यूज.

अहिल्यानगर जिल्ह्यातल्या सारोळा कासारच्या सुमन धामणे यांनी २०२० मध्ये नातवाच्या मदतीने ‘आपली आजी’ चॅनल सुरू केलं. कारल्याची भाजी गाजली. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये चॅनल हॅक झालं! काही दिवसांनी परत मिळालं, पण प्रत्येकाचं मिळतंच असं नाही. म्हणून पहिल्या व्हिडिओआधीच गुगल खात्याचं टू-स्टेप व्हेरिफिकेशन चालू करा आणि ‘स्पॉन्सरशिप’च्या ईमेलमधली अनोळखी फाईल उघडू नका.