आहारोपदेशकाची सनद

आहाराविषयीं सल्ला देणारा मनुष्य शिकला कोठें आणि त्याची परीक्षा कोणी घेतली, हा प्रश्न आज घरोघर पडतो. त्याचा इतिहास पाहावयाचा तर अमेरिकेंत, मिशिगन प्रांतांतील बॅटल क्रीक या गांवीं जावें लागेल.

तेथें १८६६ सालीं ॲडव्हेंटिस्ट पंथाच्या लोकांनीं एक आरोग्यगृह काढिलें. १८७६ पासून त्याचे चालक होते डॉक्टर जॉन हार्वे केलॉग. निर्मांस आहार, स्नानें, व्यायाम व मोकळी हवा यांवर त्यांची भिस्त. रोगापुरतें न पाहतां सबंध जीवनक्रम सुधारावा, असें त्यांचें म्हणणें. केलॉग हे वैद्यकाचे रीतसर पदवीधर. तरीहि बस्तिप्रयोगाचें त्यांना जडलेलें वेड आणि वंशशुद्धीच्या विचारांचा त्यांनीं केलेला पुरस्कार पाहिला म्हणजे पदवी ही शहाणपणाची हमी नव्हे, हें कबूल करावेंच लागतें.

याच काळीं होरेस फ्लेचर नांवाचा एक व्यापारी, तोंडांतल्या घांसाचें पाणी झाल्यावांचून तो गिळूं नये, असा उपदेश करीत देशोदेशीं फिरला. वैद्यकाचें शिक्षण शून्य! केलॉगनींहि त्याला उचलून धरलें. पण या गृहस्थाची एक गोष्ट मला आवडते: येल विद्यापीठांतील प्रोफेसर रसेल चिटेंडेन यांच्याकडे तो स्वतःस तपासून घेण्यास गेला. चिटेंडेन यांनीं पुढें सैनिकांवर व कसरतपटूंवर मोजून-मापून प्रयोग केले, आणि त्या वेळीं आवश्यक मानल्या जाणाऱ्या प्रथिनांच्या सुमारें निम्म्यावरहि माणसें धडधाकट राहतात, असें १९०४ सालीं प्रसिद्ध केलें. चर्वणाचें तत्त्वज्ञान मागें पडलें. मोजमाप उपयोगी पडलें.

गंमत अशी कीं, आहारतज्ज्ञांचा रीतसर व्यवसायहि याच बॅटल क्रीकचें ऋण मानतो. केलॉग यांच्या हाताखालीं तयार झालेल्या लेना कूपर यांनीं लुलू ग्रेव्ह्ज यांच्या साथीनें १९१७ सालीं क्लीव्हलंड येथें अमेरिकन डाएटेटिक असोसिएशन ही संस्था स्थापिली. पुढें शिक्षणक्रम ठरला, रुग्णालयांतील उमेदवारी आली, आणि १९६९ पासून नांव नोंदविण्याची पद्धत सुरू झाली.

या वाटेबाहेरहि संस्था निघाल्या. त्यांचीं प्रमाणपत्रें भिंतीवर तितकींच शोभतात. डॉक्टर व्हिक्टर हर्बर्ट यांनीं १९८३ च्या सुमारास अशा एका संस्थेकडे आपल्या पाळीव कुत्र्याचें नांव धाडलें. वर्गणी पोंचली, सनद आली. २००४ सालीं इंग्लंडांत डॉक्टर बेन गोल्डएकर यांनीं तर आपल्या मेलेल्या मांजरीच्या नांवें ६० डॉलरांत असेंच प्रमाणपत्र मिळविलें. हंसूं येतें खरें. पण मधुमेहाचा रोगी अशा सनदेखालीं बसून इन्सुलिन चालूं ठेवूं कीं सोडूं, असें विचारतो तेव्हां ही थट्टा उरत नाहीं.

सबंध देहाचा विचार करावा, यांत निंद्य कांहींच नाहीं. आपले वैद्यहि तेंच सांगत आले. मी विचारीन तें एवढेंच कीं, या परीक्षेंत कोणी नापासहि होतो काय?

आपल्याकडे इंडियन डाएटेटिक असोसिएशन १९६३ सालीं निघाली. आहारतज्ज्ञांचें शिक्षण व नोंदणी यांसाठीं केंद्रीय कायदा झाला तो २०२१ मध्यें, म्हणजे क्लीव्हलंडच्या सभेनंतर १०४ वर्षांनीं.