शिक्क्यातले जिंतूर

जुनी टपाल तिकिटे जमविणे ही श्रीमंतांची हौस होय, अशी आपल्याकडे समजूत आहे. ती अगदीच निराधार नाही. परंतु तिकिटावर उमटलेला काळा शिक्का जो वाचू लागतो, तो नुसता संग्राहक राहत नाही. तो इतिहासाचा विद्यार्थी होतो. कारण तिकीट राज्याचे असते आणि शिक्का गावाचा. ज्या गावांची दखल बखरींनी घेतली नाही, त्यांच्या व्यवहाराची साक्ष कधी कधी हा शिक्काच देतो. परभणी जिल्ह्यातील जिंतूर हे असेच एक गाव.

आपल्या देशात चिकटवावयाच्या तिकिटांचा प्रारंभ १ जुलै १८५२ रोजी सिंध प्रांतात झाला. बार्टल फ्रिअर यांनी काढलेली ती 'सिंध डाक' तिकिटे. त्यांपैकी तांबडे तिकीट लाखेसारख्या ठिसूळ द्रव्याचे असल्याने फारच थोडे टिकले. १ ऑक्टोबर १८५४ पासून कंपनी सरकारने कलकत्त्यास छापलेली तिकिटे सर्वत्र लागू केली. पण जिंतूर तेव्हा हैदराबादच्या निजामाच्या राज्यात होते आणि निजामाची टपालव्यवस्था स्वतंत्र होती.

संस्थानाचे पहिले तिकीट १८६९ साली निघाले. किंमत एक आणा, रंग हिरवट. त्याचा साचा लंडनच्या निसेन आणि पार्कर यांच्याकडे तयार झाला. गादीवरील महबूब अली खान त्या वेळी लहान मूल होते आणि कारभार दिवाण सालारजंग पाहत. १८७१ पासून निघालेली माला आपल्या दृष्टीने अधिक महत्त्वाची. तिच्यावर फारसी, इंग्रजी, तेलुगू आणि मराठी अशा चार भाषांत मजकूर आढळतो. दरबाराची भाषा मराठी नव्हती. तरीही राज्याच्या एवढ्याशा कागदावर मराठीला जागा द्यावी लागली, कारण मराठवाड्यातील रयत मराठी होती. १८७३ पासून सरकारी पत्रव्यवहाराच्या तिकिटांवर 'सरकारी' हा उर्दू शब्द छापला जाऊ लागला. पुढे १९३१ च्या मालेत चारमिनारच्या जोडीला अजिंठ्याची लेणी व दौलताबादचा मिनारही आला.

ही तिकिटे संस्थानाच्या हद्दीतच चालत. जिंतूरहून परभणीला लिहिणाऱ्यास निजामाचे तिकीट पुरे. पण मुलगा मुंबईस असेल तर इंग्रज सरकारच्या तिकिटावाचून पत्र पोहोचत नसे. एकाच भाषेची माणसे दोन राज्यांत विभागलेली होती, हे पाठ्यपुस्तकापेक्षा अशा दोन पाकिटांवरून चटकन उमगते. १७ सप्टेंबर १९४८ रोजी मराठवाडा मुक्त झाला. तथापि संस्थानाचे टपाल भारतीय टपालात विलीन झाले ते १९५० साली. मधल्या काळातील पाकिटे म्हणूनच विशेष अभ्यसनीय आहेत.

आता शिक्क्याकडे वळू. तिकीट पुन्हा वापरता येऊ नये एवढाच त्याचा मूळ हेतू. इंग्रजी टपालाच्या आरंभीच्या शिक्क्यांत ठिपक्यांच्या किंवा रेघांच्या आकृतीत नुसता अंक असे. कोणता अंक कोणत्या कचेरीचा, हे अभ्यासकांना पाकिटावरील इतर खुणांवरून जुळवावे लागले. मुंबईचे जाल कूपर यांनी अशा शिक्क्यांचे प्रकार लावून त्यांवर ग्रंथ लिहिला. संस्थानी शिक्के वाचण्यास उर्दू लिपीची ओळख हवी. निजामी कागदावर फसली सन आढळल्यास त्यात ५९० वा ५९१ मिळवावे, म्हणजे इसवी सन येतो. पत्र पोहोचल्याचा शिक्का पुष्कळदा पाकिटाच्या पाठीवर असतो. जिंतूरला लोहमार्ग नाही. मनमाड-सिकंदराबाद मार्ग परभणीवरून जातो. तेव्हा जिंतूरचे एखादे जुने पाकीट हाती आले, तर पुढच्या व पाठीमागच्या तारखा ताडून ते किती दिवसांत आणि कोणत्या गावांवरून गेले, हे सांगता येते.

हा सारा पुरावा एका वाटीभर पाण्यात नष्ट होतो. मुले हौसेने पाकीट भिजवतात, तिकीट सोडवून वहीत डकवतात आणि उरलेला कागद फेकतात. शिक्क्याचा अर्धा भाग त्या कागदाबरोबर जातो. पत्ता जातो, पाठीवरची तारीखही जाते. त्याहून मोठी हानी घर बदलताना होते. आजोबांच्या पेटीतील पत्रांचा गठ्ठा रद्दीत जातो, आणि त्या घरातले कोण कुठे कामाला गेले, कोणाची खुशाली किती दिवसांनी कळली, हे सांगणारे दुसरे काहीच उरत नाही.

म्हणून वाचकहो, घरात जुनी पत्रे असतील तर पाकीट अखंड ठेवावे. त्यास चिकटपट्टी लावू नये. ओल, ऊन व वाळवी यांपासून जपावे. पत्र कोणी कोणास लिहिले, हे वेगळ्या कागदावर पेन्सिलीने टिपून सोबत ठेवावे. मोडी किंवा उर्दू वाचणारी वडीलधारी माणसे आहेत, तोवर त्यांच्याकडून मजकूर वाचून घ्यावा. मूल्य किती येईल, हा प्रश्न त्यानंतरचा.