दुसरी प्रत : खेळाडूच्या तपासणी-तक्त्याचा मागोवा

दोन वर्षांपूर्वी जून महिन्यात एका क्रीडा वसतिगृहातील खो-खोच्या मुलींची हंगामापूर्वीची तपासणी माझ्याकडे आली. मी व्यवसायाने फिजिओथेरपिस्ट. सांधे किती वाकतात, स्नायूंत किती जोर आहे, जुनी दुखापत कुठे आहे, हे पाहून नोंदवायचे, असे या तपासणीचे स्वरूप. तोवर ती छापील तक्त्यावर होत असे. तक्ते भरायचे, फाइल कपाटात जायची आणि पुढच्या वर्षी पुन्हा कोरे तक्ते यायचे. त्या खेपेला टॅबलेटवर डिजिटल फॉर्म करायचे ठरले आणि ते काम मी हौसेने अंगावर घेतले.

रांगेत सोळा वर्षांची एक मुलगी होती. घोट्याची चाचणी चालू होती. अंगठा भिंतीपासून काही अंतरावर ठेवायचा आणि टाच न उचलता गुडघा भिंतीला टेकवायचा. जमेल तितके अंतर वाढवत न्यायचे आणि शेवटचे अंतर सेंटिमीटरमध्ये लिहायचे. तिचा डावा पाय ११ भरला, उजवा ५. खो-खोत चौकटीत बसलेल्या मुलीला ‘खो’ मिळताच क्षणात उठून धावायचे असते. घोटा वाकला नाही तर तो भार गुडघ्यावर जातो. मी विचारले, “दुखतं का?”

“नाही.” मग थोडे थांबून, “मॅडम, हे सरांना दिसणार का?”

फॉर्म मीच बनवला होता. दिसणार होते. मी ‘हो’ म्हटले.

“मग ‘नाही’च लिहा.”

संध्याकाळी पाहिले, तर २२ मुलींपैकी २२ जणींनी दुखण्याच्या रकान्यात ‘नाही’ सांगितले होते. हंगामाच्या तोंडावर खो-खो खेळणाऱ्या २२ मुलींपैकी एकीचेही काहीच दुखत नाही, यावर कोण विश्वास ठेवील? तिच्या प्रश्नाने मला मात्र वेगळ्याच वाटेला लावले. खेळाडूच्या शरीराची मापे लिहून ठेवण्याची पद्धत कुठून आली, आणि लिहिलेला कागद आजवर कुणाच्या हाती राहिला, याचा मी शोध घेऊ लागले.

*

आधुनिक अर्थाने या कामाची सुरुवात व्यायामशाळेत झाली असे म्हणता येईल. डॉ. डडली सार्जंट १८७९मध्ये अमेरिकेतील हार्वर्ड विद्यापीठाच्या हेमेनवे व्यायामशाळेचे प्रमुख झाले. ते विद्यार्थ्याची मापे घेत, प्रकृतीची विचारपूस करत आणि त्यावरून त्याला त्याच्यापुरता व्यायाम नेमून देत. आकडा कशासाठी, याचे उत्तर इथे सरळ होते : ज्याचे माप त्याच्याच व्यायामासाठी. पण याच मापांचे ढीग साठत गेले आणि १८९३च्या शिकागो प्रदर्शनात त्यांच्या सरासरीवरून घडवलेले ‘नमुनेदार’ तरुण-तरुणीचे पुतळे उभे राहिले. एकेकाच्या उपयोगासाठी घेतलेले माप सर्वांना लावायचा मापदंड झाले होते.

दरम्यान १८८४मध्ये लंडनच्या आंतरराष्ट्रीय आरोग्य प्रदर्शनात फ्रान्सिस गाल्टन यांनी मानवमिती प्रयोगशाळा थाटली होती. तीन पेन्स देऊन आत जायचे आणि उंची, वजन, हातांचा पल्ला, श्वासाचा आवाका, मुठीची पकड, नजर, कान अशी १७ मापे देऊन बाहेर पडायचे. ठोशाचा जोर मोजण्याचेही एक यंत्र होते. लोक त्याच्यावर वाकडातिकडा ठोसा मारत. आतली लाकडी दांडी मोडे, म्हणून ती ओक लाकडाची केली, तर तीही मोडू लागली आणि काहींची मनगटे मुरगळली. चाचणीनेच दुखापत व्हावी, हा प्रकार इतका जुना आहे!

पण मला थांबवले ते दुसऱ्याच तपशिलाने. प्रत्येकाच्या मापांची नोंद दोन प्रतींत होई. एक प्रत गाल्टन ठेवून घेत, दुसरी ज्याची मापे घेतली त्याला मिळे. प्रदर्शन संपेपर्यंत ९,३३७ जणांची मापे जमली. गाल्टन यांचा हेतू काही परोपकाराचा नव्हता. ‘युजेनिक्स’ हा शब्द त्यांनी आदल्याच वर्षी घडवला होता आणि माणसांची प्रतवारी करण्याच्या त्या विचाराने पुढे किती अनर्थ केला ते आपण जाणतो. तरीही त्यांच्या दारातून बाहेर पडणाऱ्याच्या हातात स्वतःची मापे असत. माझ्या टॅबलेटमधून त्या मुलीच्या हाती काहीच पडत नव्हते.

*

विसाव्या शतकात तक्ते वाढले आणि त्यांना वाचणारेही बदलले. १९२८मध्ये सेंट मॉरिट्झच्या हिवाळी ऑलिंपिकच्या वेळी क्रीडावैद्यकाची आंतरराष्ट्रीय संघटना स्थापन झाली आणि खेळाडूची तपासणी ही स्वतंत्र विद्याशाखा ठरू लागली. १९५०च्या दशकात न्यूयॉर्कमध्ये हान्स क्राउस आणि सोन्या वेबर यांच्या सहा चाचण्या गाजल्या. मूळ संबंध पाठदुखीच्या रुग्णांशी. त्याच चाचण्या शाळकरी मुलांना लावल्या, तेव्हा अमेरिकेतील ५७.९ टक्के मुले किमान एका चाचणीत नापास झाली. युरोपातील मुलांत हेच प्रमाण ८.७ टक्के निघाले. आकडे थेट अध्यक्ष आयझेनहॉवर यांच्यापर्यंत पोहोचले आणि १९५६मध्ये युवकांच्या तंदुरुस्तीसाठी राष्ट्रीय परिषद नेमली गेली. पाठदुखी शोधणारा तक्ता आता देशाची इभ्रत मोजू लागला होता.

आज जगभरच्या फिजिओंच्या तक्त्यात ‘बायटन गुणांक’ हा रकाना असतो. करंगळी मागे किती वळते, अंगठा मनगटाला टेकतो का, कोपर आणि गुडघा उलट्या बाजूला जातो का, गुडघे न वाकवता तळहात जमिनीला लागतात का, अशा नऊ गुणांवर सांध्यांची लवचीकता मोजायची. पीटर बायटन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७३मध्ये तो मांडला, तो दक्षिण आफ्रिकेतील त्स्वाना लोकांच्या पाहणीसाठी. समूहाच्या पाहणीसाठी बनवलेले माप आपण एकेका मुलीला लावतो. लवचीकता वयाप्रमाणे, लिंगाप्रमाणे, समाजाप्रमाणे बदलते. म्हणून हा गुण वाचताना जपून वाचावा लागतो. रकान्याला हे सांगता येत नाही. तो फक्त आकडा मागतो.

मग आली भाकिताची हौस. ग्रे कुक आणि ली बर्टन यांची सात हालचालींची चाचणी २००६मध्ये प्रसिद्ध झाली. प्रत्येक हालचालीला शून्य ते तीन गुण, एकूण २१. पुढच्याच वर्षी अमेरिकन फुटबॉलच्या ४६ व्यावसायिक खेळाडूंवरील अभ्यासात १४ किंवा कमी गुण असलेल्यांना गंभीर दुखापतीचा धोका अधिक दिसला. ‘चौदा’ हा आकडा त्यानंतर मैदानोमैदानी फिरला. निवड करणाऱ्यांना याहून सोयीचे काय असणार?

नॉर्वेचे रोआल्ड बार यांनी २०१६च्या लेखात या हौसेला लगाम घातला. दुखापत होईल हे सांगणाऱ्या चाचण्या चालत नाहीत, आणि बहुधा कधी चालणारही नाहीत, असे त्यांनी शीर्षकातच म्हटले. मुद्दा साधा आहे. दुबळ्या स्नायूंच्या खेळाडूंना सरासरीने जास्त दुखापती होतात, हे खरे असू शकते. पण दुखापत झालेले आणि न झालेले यांचे आकडे एकमेकांत इतके मिसळलेले असतात, की मध्ये रेघ मारून ‘ही जखमी होणार, ही नाही’ असे सांगता येत नाही. म्हणजे त्या मुलीच्या ५ सेंटिमीटरवरून तिचे भविष्य मला सांगता येणार नव्हते. सांगता आले असते ते तिचे वर्तमान, आणि तेच तिने झाकले होते.

बार यांनी तपासणी बंद करा असे म्हटलेले नाही. आज चालू असलेला त्रास शोधणे, पूर्वी कुठे लागले ते जाणणे, पुढे दुखापत झाली तर बरे झाल्याचे ताडून पाहायला निरोगीपणीचे माप हाती असणे आणि खेळाडूशी ओळख होणे, हे उपयोग उरतातच. पण यातला पहिलाच उपयोग खेळाडूच्या खऱ्या उत्तरावर उभा आहे.

*

आता माझ्या फॉर्मकडे परत येते. त्याच्या चुका सांगायला हव्यात, कारण त्याही या इतिहासाचाच भाग आहेत.

आकड्याच्या रकान्यात मी आधीच शून्य भरून ठेवले होते. ज्यांची चाचणी राहून गेली त्यांच्या नावापुढे शून्य तसेच राहिले, आणि आलेखात आठ मुलींचे घोटे सिमेंटमध्ये रोवल्यासारखे दिसू लागले. ‘मोजले नाही’ आणि ‘शून्य भरले’ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे कागदावर कुणाला सांगावे लागत नाही. प्रत्येक रकाना सक्तीचा केल्यामुळे मदतनीस मुलगी पुढे सरकण्यासाठी अंदाजे आकडा टाकून मोकळी होई. एका ठिकाणी सेंटिमीटरऐवजी मिलिमीटर पडले आणि घोटा ११० झाला. कुणी मोजले हे विचारायला तर मी विसरलेच होते. या घोटा-चाचणीची विश्वासार्हता किम बेनेल आणि सहकाऱ्यांनी १९९८मध्ये ऑस्ट्रेलियात तपासली होती, ती वेगवेगळ्या मोजणाऱ्यांचे आकडे जुळतात का हे पाहूनच. एका सेंटिमीटरच्या फरकाने घोट्याचा कोन साडेतीन अंशांहून थोडा अधिक बदलतो. मोजणारा कोण, हे ठाऊक नसेल तर यंदाचे ९ आणि पुढल्या वर्षीचे ११ यांची तुलना कशी करायची?

सर्वांत मोठी उणीव होती समासाची. जुन्या तक्त्यांच्या समासात मी पेन्सिलीने लिहीत असे : ‘बोलताना डोळे चुकवते’, ‘घरी विहिरीचे पाणी ओढते, खांदा त्यामुळे’. डिजिटल फॉर्मला समास नव्हता.

मी फॉर्म नव्याने मांडला. शून्य काढले. ‘मोजले नाही’ आणि त्याचे कारण यांना जागा दिली. अशक्य आकडा स्वीकारायचा नाही अशी अट घातली, मोजणाऱ्याचे नाव घेतले, शेवटी मोकळी जागा सोडली. हे सगळे एका दुपारचे काम. अवघड होते ते पुढचे : दुखण्याचा भाग वेगळा करून सरांपासून झाकणे.

सर रागावले. “मला कळलंच नाही तर संघ कसा निवडायचा? आणि उद्या मैदानात काही झालं तर विचारणार कुणाला? मलाच ना?” त्यांचा प्रश्न रास्त होता. आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीच्या २००९च्या निवेदनात खेळाडूच्या माहितीच्या गुप्ततेवर भर आहे. आपल्या २०२३च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात १८ वर्षांखालील मुलांची माहिती हाताळण्यासाठी पालकांच्या संमतीची तरतूद आहे. ते सगळे मी त्यांना सांगितले, पण कायद्याने मैदानावरचा पेच सुटत नाही. अखेर तडजोड झाली. सरांना प्रत्येक मुलीपुढे तीनपैकी एकच शेरा दिसेल : पूर्ण सराव, मर्यादित सराव, विश्रांती. कारण माझ्याकडे राहील आणि मुलीकडे. पालकांची सही घ्यायचे ठरले आणि प्रत्येक मुलीला तिच्या मापांची मराठीत छापलेली चिठ्ठी द्यायचे ठरले.

पुन्हा तपासणी घेतली तेव्हा २२ पैकी ९ जणींनी ‘हो’ म्हटले. ती मुलगी त्यांत होती. आधीच्या हंगामात खुंटाजवळ सूर मारताना तिचा घोटा मुरगळला होता आणि तिने पट्टी बांधून सामने खेळले होते. तिच्या नावापुढे ‘मर्यादित सराव’ आले. पहिल्या स्पर्धेला ती संघात नव्हती. त्या आठवड्यात ती माझ्याशी बोलली नाही, आणि तिचा राग मला समजत होता.

सात आठवड्यांनी उजवा पाय ९ भरला. मी टॅबलेटवर आकडा टाकत होते, तेवढ्यात तिने सरावाच्या वहीतून घडी घातलेली चिठ्ठी काढली आणि ५च्या शेजारी स्वतःच्या हाताने ९ लिहिला. मग विचारले, “मॅडम, डावा ११ आहे ना अजून?”