‘ध’चा ‘मा’ कोणी केला?



नारायणराव पेशव्यांच्या वधाचा प्रवेश संमेलनात बसवायची हौस आपल्या धाराशिवकडच्या शाळांनाही आहे. असाच एक छोटा प्रवेश मी पाहिला. शेवटी आनंदीबाई समईपाशी बसलेली, पुढ्यात कागद, हातात बोरू. आणि पडदा पडला. तिने अक्षर बदलले की नाही, ते दाखवलेच नाही. लोक उठेनात. “अहो गुरुजी, मग ‘मा’ कुणी केला?” असे एका म्हाताऱ्या बोवांनी तिथेच विचारले.

शेवट मोकळा ठेवला हे मला आवडले. पण संशय मात्र एकाच माणसावर ठेवला, आणि तिथेच माझी तक्रार आहे.

घडले ते असे. ३० ऑगस्ट १७७३, गणेशोत्सवाचे दिवस. पेशवा अठरा वर्षांचा. चुलते राघोबादादा शनिवारवाड्यातच नजरकैदेत. गारद्यांचा पगार थकलेला. गारद्यांत गडबड आहे याची कुणकुण नारायणरावांना सकाळीच लागली होती. त्यांनी हरिपंत फडक्यांना बंदोबस्त करायला सांगितले. आणि हरिपंत गेले एका स्नेह्याकडे जेवायला! दुपारी सुमेरसिंग गारद्याची माणसे वाड्यात घुसली. पोरगा धावत जाऊन काकांच्या गळ्यात पडला.

ही हकिगत ग्रँट डफ या स्कॉटिश गृहस्थाने १८२६ साली छापलेल्या मराठ्यांच्या इतिहासात आहे. ‘धरावे’चे ‘मारावे’ झाले हेही तो सांगतो. पण आनंदीबाईचे नाव घेताना तो, लोकांचा असा समज आहे, इतकेच म्हणतो. समज आणि पुरावा यांत अंतर आहे, हे शिक्षकबंधूंना मी काय सांगावे! त्या समजावर अडीचशे वर्षे एका बाईचे नाव म्हणीत अडकून पडले आहे. गुरुजींनी मुलांना एवढे तरी विचारावे: ‘ध’ खोडून ‘म’ करायचा, वर काना घालायचा, तोही मोडी लिहिण्यात, हे पाहिले कोणी?

बरे, घटकाभर धरून चालू की अक्षर तिनेच बदलले. म्हणून दादा सुटतात काय? राज्याच्या धन्याला धरायला भाडोत्री शिपाई पाठवणे, हा गुन्हा ‘ध’ तसाच राहिला तरी उरतोच. शिवाय डफनेच पुढचे लिहिले आहे. दादा आधी पुतण्याला वाचवू पाहत होते. सुमेरसिंगाने धमकावले, सोडा नाहीतर तुम्हीही मराल. तेव्हा दादांनी मिठी सोडवली. त्या क्षणी कागद कुठे होता? हात दादांचे होते. रामशास्त्री प्रभुण्यांनी चौकशी केली आणि दोष दादांच्या पदरात घातला. पेशवाईच्या गादीवर बसलेल्या माणसाला तोंडावर अपराधी म्हणणे काही सोपे नव्हते. शास्त्रीबोवा पुणे सोडून गेले.

रंगभूमीला मात्र अक्षराचे कोडे सोयीचे. एकोणिसाव्या शतकात नाटकमंडळ्या या वधाचा खेळ करीत, आणि त्याला चक्क ‘फार्स’ म्हणत! तेव्हा पौराणिक नसलेल्या छोट्या गद्य खेळाला तेच नाव होते. हसण्याचा त्यात काही संबंध नाही.

नारायणरावांची पत्नी गंगाबाई त्या वेळी गरोदर होती. १८ एप्रिल १७७४ रोजी पुरंदरावर तिला मुलगा झाला, तेच सवाई माधवराव. त्यांच्याच नावाने बारभाईंनी दादांना गादीवरून दूर केले. १७९५ च्या मार्चमध्ये खर्ड्याला निजाम हरला तो याच पेशव्यांच्या वेळी. तहात पेशव्यांना मिळालेला मुलूख दक्षिणेस आपल्या परांड्यापासून उत्तरेस तापीपर्यंत होता. ऑक्टोबरात हा एकवीस वर्षांचा पेशवा त्याच शनिवारवाड्यात वरून खाली कोसळला आणि दोन दिवसांनी वारला. तोल गेला, की उडी घेतली? खाडिलकरांनी त्यावर नाटक लिहिले. वाद अजून चालूच आहे.