चढणीचे मासे आणि साहेबाचा ट्राउट



मृग लागला की आमच्या गटांच्या बैठकीला निम्म्या बायका गैरहजर असतात. पेरणीची घाई हे कारण असतंच. पण पहिला मोठा पाऊस झाला की आणखी एक कारण असतं, आणि ते हजेरीच्या वहीत कुणी लिहीत नाही. पऱ्याला मासे चढलेले असतात.

आम्ही समन्वयक म्हणून सह्याद्रीच्या पायथ्याच्या वाड्यांमध्ये फिरतो. त्या दिवशी कुठल्याही घरात गेलं तरी एकच वास. कुणाच्या तव्यावर मल्या, कुणाच्या कालवणात शेंगटी, आणि पोटात गाबोळी असलेले मासे म्हणजे तर पाहुण्यांना बोलावून खायची गोष्ट. आज या चढणीच्या माशांचा थोडा इतिहास सांगायचा आहे. तो पुस्तकात एका जागी सापडत नाही, त्यामुळे वाकडंतिकडं फिरावं लागेल.

आधी नदीकडे बघू. जगबुडी, वाशिष्ठी, शास्त्री, बाव, काजळी, मुचकुंदी, अर्जुना. आपल्या जिल्ह्याच्या या नद्या घाटाखाली जन्मतात आणि धावत जाऊन समुद्राला मिळतात. देशावरच्या नद्यांसारखा शेकडो कोसांचा प्रवास त्यांच्या नशिबी नाही. पावसात त्या पूर आणतात आणि शिमगा सरला की वरच्या अंगाला नुसते दगड उरतात. पाणी राहतं ते डोहांत. सगळा उन्हाळा मासे त्या डोहांत दाटीवाटीनं काढतात. पहिलं गढूळ पाणी आलं की अंड्यांनी भरलेली मादी प्रवाहाच्या उलट निघते. नदीतून पऱ्यात, पऱ्यातून कधी थेट भाताच्या खाचरात. तिथं पाणी उथळ असतं, पिल्लांना खायला मिळतं आणि मोठा मासा मागे लागत नाही. ही चढण. पाऊस ओसरायला लागला की लहानमोठे मासे परत खाली येतात, ती उतरण.

पकडायच्या तऱ्हा घराघरांत ठाऊक आहेत. पाग आणि गळ बहुतेक पुरुषांच्या हातात. बांबूची खोईन पऱ्याच्या अरुंद तोंडाशी लावायची, दगड-पाला घालून बाजूचं पाणी बंद करायचं आणि पहाटे जाऊन उचलायची. बायकापोरांचं हत्यार म्हणजे टोपली आणि जुन्या लुगड्याचा तुकडा. उन्हाळ्यात डबक्याला बांध घालून पाणी उपसायचं, तेही काम बायकांचंच. भांडीही घरातलीच.

चढणीच्या माशांना इतकं मोल का, हे कळायला आगोट आठवा. पावसाआधी आपण सुका बोंबील, सोडे, जवळा भरून ठेवतो, कारण मृगापासून नारळी पुनवेपर्यंत होड्या किनाऱ्यावर ओढलेल्या असायच्या. समुद्र खवळलेला, ताजी मासळी बंद. नेमक्या त्याच दिवसांत नदी मासे दारात आणून देते. खिशात पैसा नसलेल्या घराला पावसात ताजं कालवण मिळायचं ते यातूनच.

आता लिहिलेल्या इतिहासाकडे. आजच्या बिदर जिल्ह्यातलं बसवकल्याण म्हणजे चालुक्यांची राजधानी कल्याणी. तिथल्या तिसऱ्या सोमेश्वर राजानं ११३०च्या सुमारास ‘मानसोल्लास’ नावाचा संस्कृत ग्रंथ रचला. त्यात राज्यकारभारापासून स्वयंपाकापर्यंत सगळं आहे, इडलीसारख्या पदार्थाची कृतीसुद्धा. त्यातच ‘मत्स्यविनोद’ नावाचं एक प्रकरण आहे. काठी कशी असावी, दोरी कशी, गळ कसा, कुठल्या माशाला कुठलं आमिष, हे सगळं राजानं बारकाईनं सांगितलं आहे. प्रकरणाच्या नावातच ‘विनोद’ आहे, म्हणजे करमणूक. राजाचा तो खेळ होता.

याच ग्रंथात आपलीही एक नोंद आहे. महाराष्ट्रातल्या बायका कांडताना ओवी गातात, असं सोमेश्वरानं लिहून ठेवलं. मुसळाचा आवाज राजाच्या कानापर्यंत पोचला होता तर.

पुढची मोठी नोंद एका इंग्रजाची. कर्नल साइक्स हा कंपनी सरकारच्या लष्करातला अधिकारी. दख्खनमध्ये फिरून त्यानं पीकपाणी, पक्षी, मासे यांची माहिती गोळा केली आणि १८३९च्या सुमारास इथले मासे लंडनच्या विद्वानांपुढे मांडले. त्यानं एक गोष्ट अशी केली की आम्हाला वाचताना हसूच आलं. नवीन माशाला लॅटिन नाव द्यायची रीत असते. साइक्सनं बऱ्याच ठिकाणी नदीकाठी ऐकलेलं मराठी नावच लॅटिनला जोडून दिलं. पुण्याजवळच्या मुळा-मुठेतल्या मोठ्या महसीर माशाला ‘खुद्री’. आणखी एकाला ‘कोळस’. मिशावाल्या मोठ्या माशाला ‘शिंगाळा’. आणि दगडाला तोंड लावून धारेत टिकून राहणारा, आपल्या तव्यावरचा मल्या, त्याचंही नाव ‘मल्या’च राहिलं. आज जगात कुठेही या माशावर अभ्यास झाला तरी तो ‘गारा मल्या’ याच नावानं होतो. साइक्सला ही नावं सांगणारं माणूस कोण? नदीवर मासे धरणारं, विकणारं किंवा शिजवणारं कुणीतरी. त्याचं किंवा तिचं नाव मात्र कुठल्या माशाला मिळालं नाही.

याच साहेबांच्या जातभाईंना आपल्या देशातल्या नद्या बघून घरची आठवण यायची. त्यांच्याकडे थंड डोंगरी नद्यांत ट्राउट नावाचा मासा असतो. तो पाण्यावर बसणारे किडे खातो. म्हणून तिथले हौशी लोक गळावर कोंबड्याची पिसं आणि रेशमाचा धागा गुंडाळून खोटी माशी तयार करतात आणि लांब दोरी हवेत फिरवून ती पाण्यावर अलगद टेकवतात. माशी दाखवून मासा धरायचा. पोटासाठी नव्हे, शौकासाठी. हा शौक इथं करायचा म्हणून ट्राउटची अंडी थंडाव्यात जपत बोटीनं इंग्लंड-स्कॉटलंडहून आणली. काश्मीरला १८९९ साली पाठवलेली अंडी वाटेतच गेली. १९०० साली दुसरी खेप जगली. श्रीनगरला गालिच्यांचा कारखाना चालवणाऱ्या मिचेल नावाच्या साहेबानं त्यात पुढाकार घेतला होता. पुढे निलगिरीच्या ओढ्यांतही ट्राउट रुजवला. आपल्या कोकणच्या कोमट पाण्यात तो जगायचा नाही, त्यामुळे इथं कुणी तो प्रयोग केला नाही.

मासा आणला, तसे त्याचे नियमही आले. ट्राउट थंडीत अंडी घालतो, म्हणून थंडीत मासेमारी बंद. मोसम साधारण उन्हाळा-पावसाळ्याचा. तेव्हाही परवाना काढायचा, ठरलेल्या हद्दीत उभं राहायचं, दिवसाला ठरावीकच मासे धरायचे. ज्या नदीवर गावची माणसं पिढ्यान्‌पिढ्या मासे धरत होती, तिथं त्यांना परवाना विचारला जाऊ लागला. हे बरोबर झालं असं आम्ही म्हणणार नाही. पण एक मान्य करावं लागतं. त्या माशाला अंडी घालायला मोकळे महिने मिळाले आणि तो सव्वाशे वर्षं टिकला.

आपल्या समुद्राचं असंच, पण वेगळ्या वाटेनं झालं. होडीच्या काळात पावसात समुद्रावर जाणं म्हणजे मरण, म्हणून मासेमारी आपोआप बंद. बरीचशी मासळी अंडी घालते तीही याच सुमाराला, त्यामुळे माशांना विसावा मिळायचा. इंजिनाच्या मोठ्या बोटी आल्या आणि पावसातही जाता येऊ लागलं, तेव्हा कायदा लागला. राज्याचा सागरी मासेमारीचा कायदा १९८१चा. आता यांत्रिक बोटींना १ जून ते ३१ जुलै बंदी असते आणि बंदीच्या काळासाठी मच्छीमारांना मदतीची योजनाही आहे.

नदीचं मात्र उलट आहे. समुद्र पावसात माणसाला दूर ठेवतो, नदी पावसात मासे अंगणात आणते. माशाच्या बाळंतपणाचे दिवस तेच आपले पकडायचे दिवस. म्हणून नदीला आपोआप कधी सुट्टी मिळाली नाही. आणि तिच्या माशांवर ना साहेबाचा शौक अवलंबून, ना बोटवाल्याचा धंदा. अवलंबून होत्या त्या टोपलीवाल्या बायका, आणि त्यांच्यासाठी कोण नियम करणार?

कायदा अगदीच नव्हता असं नाही. १८९७ सालीच मासेमारीचा एक कायदा झाला. पाण्यात सुरुंग उडवून किंवा विष घालून मासे मारणं त्यात गुन्हा ठरवलं होतं. विष म्हणजे त्या काळी गेळफळ किंवा रामेठा कुटून डोहात घालायचा. मासे गुंगून वर यायचे. आज डोहात ब्लीचिंग पावडर पडते, कीटकनाशक पडतं, कुणी जिलेटिन फोडतं, कुणी तारा सोडून करंट देतं. यात मोठा मासा मरतो, पिल्लू मरतं, खेकडा मरतो, आणि त्याच डोहाचं पाणी खालच्या वाडीची जनावरं पितात. वर ठिकठिकाणी सिमेंटचे बंधारे झाले. चढणीचा मासा त्या भिंतीशी येऊन थांबतो. (आपण गोणी भरून घालतो तो वनराई बंधारा यात धरू नका, तो पाऊस संपल्यावर घालतो आणि पुढच्या पुरात जातो.)

गेल्या वर्षी आम्ही चार वाड्यांत जुन्या बायकांना विचारत फिरलो. एका आजींनी खोईनीबद्दल सांगितलं, “आमच्या टायमाला पऱ्याचं आख्खं त्वांड कवा बांदीत नव्हतो. येका अंगाला वाट ठेवायची. सगलंच खाल्लं तर उतरनीला काय येनार?” आम्ही खूश होऊन हे वहीत लिहिलं. तेवढ्यात शेजारच्या आजी म्हणाल्या, “हिच्या सासऱ्यानंच दोन्ही अंगं बांदलेली मी डोल्यांनी बगितलीत.” म्हणजे आपली जुनी माणसं सगळी शहाणी होती असं समजू नये. काही घरं वाट ठेवायची, काही नाही. मासे जास्त होते, माणसं कमी होती.

सबंध डोह राखल्याचं उदाहरण आपल्या शेजारच्या रायगड जिल्ह्यात आहे. महाड तालुक्यात बिरवाडीच्या पुढे काळ नदीवर वाळणकोंड नावाचा डोह आहे. काठावर वरदायिनी देवी. त्या डोहातले महसीर देवीचे मानले जातात, तिथं कुणी गळ टाकत नाही. लोक कुरमुरे टाकतात आणि हे मोठे मासे वर येतात. साइक्सच्या ‘खुद्री’चंच कूळ हे. लोणावळ्याला टाटांच्या वीज कंपनीनं १९७०च्या दशकापासून या माशाची पिल्लं वाढवायला सुरुवात केली आणि ती दूरच्या राज्यांतही गेली. कावेरीत तर सोडलेल्या या माशामुळे तिथल्या मूळच्या महसीरची जागा गेली, असं अभ्यासक सांगतात. मासा वाढवून कुठेही सोडला म्हणजे काम झालं, असं नसतं. आपल्या डोहातला मासा आपल्याच डोहात राहिला तर बरं.

हे सगळं आम्ही एका बैठकीत मांडलं आणि विचारलं, गावातला एक डोह आणि त्याला येऊन मिळणारा एक पऱ्या चढणीपुरता मोकळा ठेवायचा का? हिमाचल प्रदेशात पावसाळ्याचे दोन महिने नद्यांवरही मासेमारी बंद असते, तेही सांगितलं. आम्हाला वाटलं, सगळ्या हात वर करतील. एक मैत्रीण उठली. नवरा नाही, दोन मुलं. ती म्हणाली, “बोटवाल्यांना बंदीत मदत मिळते. माझ्या टोपलीला काय मिळणार? आधी ब्लीचिंग टाकणाऱ्यांना धरा, मग माझ्या खोईनीला हात लावा.” बैठकीत शांतता झाली. आम्हालाही लगेच उत्तर सुचलं नाही. ती बरोबर बोलत होती.

ठराव झाला नाही. झालं ते एवढंच, की त्या पऱ्यावर खोईन लावणाऱ्या घरांनी एक अंग मोकळं ठेवायचं कबूल केलं आणि ब्लीचिंगबद्दलचा अर्ज ग्रामपंचायतीला गेला. अर्जावर पहिली सही त्याच मैत्रिणीची आहे. या पावसात दोन घरांनी वाट ठेवली, एकानं ठेवली नाही. अर्जाचं उत्तर अजून यायचं आहे.

दरम्यान आम्ही एक वही सुरू केली आहे. प्रत्येक वाडीतल्या बायकांनी आपल्या पऱ्यातल्या माशांची नावं सांगायची, कुठल्या नक्षत्राला दिसतो, पूर्वी किती यायचा, आता किती, हे सांगायचं, आणि सांगणारीचं नाव पुढे लिहायचं. तुमच्याकडची नावंही कार्यक्रमाच्या पत्त्यावर पाठवा. पहिल्या पानावर मल्या आहे. तिसऱ्या पानावर एका माशाच्या नावावरून दोन वाड्यांचं भांडण चालू आहे, म्हणून ती दोन्ही नावं आम्ही शेजारी शेजारी लिहून ठेवली आहेत.