प्लेगच्या साथीत पेठेतले दुकान

साथीच्या रोगांचा इतिहास आपल्याकडे बहुधा दोन अंगांनी सांगितला जातो. एक अंग सरकारी उपायांचे आणि त्यांविरुद्ध उसळलेल्या लोकक्षोभाचे; दुसरे वैद्यकाचे, म्हणजे जंतूचा व लसीचा शोध लावणाऱ्यांचे. १८९६-९७ च्या प्लेगविषयी बोलताना रँड आणि चापेकर बंधू, तसेच हाफकिन, ही नावे ओघानेच येतात. परंतु या दोहोंच्या मध्ये पेठेतला वाणी, भुसारी, शिंपी, न्हावी, हलवाई उभा होता. घरोघरचा रोजचा व्यवहार त्याच्या भरवशावर चाले. त्याच्यावर साथ कशी कोसळली आणि तो तिच्यातून कसा तगला, याचा विचार आम्ही येथे करणार आहोत.

सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईच्या मांडवी भागात डॉ. अकासियो व्हिएगस यांनी प्लेगचे निदान केले. मांडवी हा बंदराला लागून असलेला, धान्याच्या वखारींनी गजबजलेला भाग. रोगाने पहिला मुक्काम तेथेच का केला, याचा उलगडा त्या वेळी झाला नव्हता. पुढे १८९८ मध्ये सिमाँ या फ्रेंच डॉक्टराने कराचीत उंदरावरील पिसवेकडे बोट दाखविले, आणि १९०५ पासून मुंबईत काम करणाऱ्या संशोधन मंडळाने ते सप्रमाण सिद्ध केले. पोत्यांच्या थप्पीत उंदीर, उंदराच्या अंगावर पिसू, आणि पिसवेच्या दंशातून माणसाला रोग, अशी ही साखळी होती. दुकानदाराच्या पोटापाण्याचे जे साधन, तेच रोगाचे बिऱ्हाड ठरले होते. हे त्याला ठाऊक नव्हते. त्याच्यावर हुकूम चालविणाऱ्यांनाही नव्हते. गटारे धुतली गेली, भिंतींना चुना लागला, घरोघर कार्बोलिक शिंपडले गेले. उंदीर मात्र एका वखारीतून निघून दुसरीत गेले.

आता दुकानाचे अर्थकारण पाहू. पेठेतला लहान दुकानदार आडत्याकडून मुदतीने माल उचलतो आणि गिऱ्हाइकाला उधारीवर देतो. दोन्ही व्यवहार विश्वासावर चालतात, आणि तो विश्वास माणूस उद्या आपल्या जागी सापडेल या खात्रीवर उभा असतो. प्लेगने नेमकी हीच खात्री मोडली. १८९१ च्या शिरगणतीत मुंबईची वस्ती सव्वाआठ लाखांच्या घरात होती. फेब्रुवारी १८९७ पर्यंत तिच्यातील पावणेचार ते चार लाख माणसे शहर सोडून गेली, असा त्या काळचा अंदाज आहे. गिऱ्हाईक गेले, त्याबरोबर वहीतली बाकीही गेली. आडत्याचा तगादा मात्र राहिला.

याचा पडताळा गिरण्यांत मिळतो. एरवी कामगाराला पगार महिना उलटून गेल्यावर, तोही दिवस मागे ठेवून मिळे. मधले दिवस तो वाण्याच्या उधारीवर काढी. १८९७ मध्ये माणसांची टंचाई पडताच कामगार रोजची मजुरी रोज मागू लागले, आणि गिरणीवाले नाक्यानाक्यावर एकमेकांवर चढाओढीने बोली करून माणसे मिळवू लागले. कामगारांची संख्या घटली हे याचे एक कारण खरेच. पण उधारीची वही मिटली की रोख मजुरीवाचून चूल पेटत नाही, हे दुसरे कारण आमच्या मते तितकेच मोठे होय.

त्यातच ४ फेब्रुवारी १८९७ रोजी साथरोगांचा कायदा झाला. झडती, विलगीकरण, वस्तूंचा नाश, या सर्वांना त्याने वाट करून दिली. आणि सद्हेतूने केलेल्या कृत्याबद्दल कोणावर दावा चालणार नाही, असेही त्यात लिहून ठेवले. पुण्यात मार्चपासून गोऱ्या सोजिरांच्या तुकड्या पेठांतून झडत्या घेऊ लागल्या. स्वयंपाकघर व देवघर यांच्या विटंबनेची तक्रार सर्वश्रुत आहे. तिच्या जोडीला बंद घरांची कुलुपे फोडल्याच्या आणि चीजवस्तू गेल्याच्याही तक्रारी होत्या. ज्याची राहण्याची खोली आणि मालाची खोली एकच, अशा दुकानदाराला घरात एक रोगी निघणे म्हणजे संसार व भांडवल दोन्ही एका दिवसात गमावणे होते. रोग लपविला जाई, त्याचे एक मूळ येथे आहे. त्याला केवळ अडाणीपणा म्हणून मोकळे होणे हा अन्याय होईल.

मग हा माणूस तगला कसा? पहिली गोष्ट, वस्ती हलली की तोही हलला. दक्षिणेतल्या गावोगावी उंदीर पडू लागले की लोक गावाबाहेर माळावर झोपड्या घालून राहत. तेथेही मीठमिरची लागेच. वाणी आपली तागडी व चार पोती घेऊन तेथे गेला. उंदरांच्या वखारीपासून दूर जाण्याचा हा उपाय शास्त्रीय दृष्टीनेही अचूक होता. दुसरी गोष्ट, लोकांनी आपली सोय आपणच उभी केली. पुण्यात टिळकांच्या पुढाकाराने हिंदु प्लेग रुग्णालय निघाले. आपले माणूस आपल्यांतच राहणार हे कळले, की लपवालपवीची गरज कमी होते. तिसरी गोष्ट सामुदायिक दबावाची. ९ मार्च १८९८ रोजी मुंबईत मदनपुऱ्यातील विणकरांच्या वस्तीत एका आजारी मुलीला नेण्यावरून दंगल झाली. पाठोपाठ गोदीतले मजूर व गाडीवान यांनी काम थांबविले आणि बंदराचा व्यापार अडला. त्याच वर्षी सक्ती सैल करण्याचे धोरण सरकारला स्वीकारावे लागले.

मार्च २०२० मध्ये कोरोनाच्या साथीत महाराष्ट्रात हाच १८९७ चा कायदा पुन्हा लागू झाला. या वेळी वाण्याचे दुकान अत्यावश्यक म्हणून उघडे राहिले. न्हाव्याचे मात्र २८ जूनपर्यंत बंद होते, आणि उघडल्यावरही प्रथम केस कापण्याचीच परवानगी होती, दाढीची नव्हती. जूनमध्ये मुंबईपुण्याच्या रस्त्यांवर एक दिवस एका बाजूची दुकाने, दुसऱ्या दिवशी दुसऱ्या बाजूची, असा क्रम लागला. फेरीवाल्यांना १०,००० रुपयांपर्यंत भांडवली कर्ज देणारी केंद्राची योजनाही त्याच जूनमध्ये सुरू झाली. १८९७ च्या राज्यकर्त्यांना दुकानदाराचे भांडवल ही साथनिवारणातली बाब वाटलीच नव्हती. तेव्हा हा फरक लहान नव्हे. परंतु कर्ज हे शेवटी फेडावयाचे असते, आणि बंद दुकानाचे भाडे थांबत नाही.

साथीचा बंदोबस्त करणाऱ्याने रोग्यांची गणती ठेवावीच. तिच्याबरोबर पेठेतली किती दुकाने उघडली आणि किती कायमची मिटली, हीही गणती ठेवावी. ज्याचे नुकसान भरून निघण्याची आशा आहे, तो रोग लपवीत नाही. आणि रोग लपला नाही, तर तो आवरता येतो. प्लेगच्या त्या दोन वर्षांनी दिलेला हा धडा व्यवहाराचा आहे, आणि आरोग्याचाही आहे.