दुसरे यंत्र कुठे ठेवावे? कोलकात्यातील एका आगीने पुन्हा समोर आणलेला प्रश्न

८ मार्च २०२१ च्या संध्याकाळी कोलकात्यात, हुगळी नदीलगतच्या स्ट्रँड रोडवरील 'न्यू कोयलाघाट' या रेल्वेच्या बहुमजली इमारतीत तेराव्या मजल्यावर आग लागली. या आगीत नऊ जणांचा मृत्यू झाला. त्यांपैकी चौघे अग्निशमन दलाचे कर्मचारी होते. काही मृतदेह लिफ्टमध्ये सापडले. आग विझवण्यासाठी इमारतीचा वीजपुरवठा तोडावा लागला आणि पूर्व भारतातील रेल्वे आरक्षणाचे संगणक बंद पडले. ज्वाला एका मजल्यावर होत्या. तिकिटे मात्र शेकडो किलोमीटर दूरच्या खिडक्यांवरही मिळेनाशी झाली.

माणसांच्या प्राणांपुढे तिकिटांचा खोळंबा अगदीच क्षुल्लक ठरतो. तरीही संगणकशास्त्रातला एक मूलभूत प्रश्न त्या रात्री पुन्हा उभा राहिला. चालू यंत्र अचानक थांबले, तर त्याचे काम कोणी, कधी आणि कुठून हाती घ्यायचे? या हस्तांतरणाला 'फेलओव्हर' म्हणतात. त्याचा इतिहास समजून घेण्यासाठी कोलकात्याइतके योग्य शहर क्वचितच सापडेल.

भारतातील पहिला डिजिटल संगणक याच शहरात आला. प्रशांतचंद्र महालनोबिस यांच्या भारतीय सांख्यिकी संस्थेत १९५५ मध्ये 'एचईसी-२एम' हे ब्रिटिश बनावटीचे यंत्र दाखल झाले. त्यात निर्वात नलिका होत्या आणि स्मृतीसाठी फिरता चुंबकीय ढोल होता. अशी यंत्रे वरचेवर बिघडत. पण बिघाड झाला तरी फारसे अडत नसे. गणित अर्धवट राही, दुरुस्ती होई आणि गणित पुन्हा सुरुवातीपासून मांडले जाई. उत्तर आज मिळाले काय किंवा उद्या मिळाले काय, प्रश्न तोच राही. पुढे काही वर्षांनी त्याच संस्थेत सोव्हिएत बनावटीचा 'उराल' संगणकही आला. संस्थेत आता दोन यंत्रे होती, पण ती एकमेकांची राखीव यंत्रे नव्हती. तशी गरजच कोणाला भासलेली नव्हती.

ती गरज प्रथम युद्धाच्या भीतीतून निर्माण झाली. अमेरिकेची 'सेज' ही हवाई संरक्षण यंत्रणा १९५८ मध्ये कार्यान्वित होऊ लागली. तिच्या प्रत्येक नियंत्रण केंद्रात दोन महाकाय संगणक असत. एक काम करी आणि दुसरा सज्ज राही. हीच कल्पना पुढे नागरी जीवनात उतरली ती विमानाच्या तिकिटांमुळे. अमेरिकन एअरलाइन्सच्या 'सेबर' या आरक्षण प्रणालीसाठी १९६० च्या दशकात आयबीएमचे दोन '७०९०' संगणक बसवण्यात आले. त्यांतील एक राखीव होता. आरक्षणाचा प्रश्न सांख्यिकीतल्या गणिताहून मुळातच वेगळा होता. येथे उत्तर क्षणाक्षणाला बदलते आणि एक आसन दोघांना देता येत नाही.

भारतीय रेल्वेने हे आव्हान १९८५ मध्ये दिल्लीपासून स्वीकारले. त्यापूर्वी आरक्षण म्हणजे जाडजूड वही, लांब रांग आणि कारकुनाचे हस्ताक्षर. वही एकच असल्याने तिच्यात मतभेदाला जागा नव्हती. जिच्या हाती वही, तीच खिडकी खरी. संगणक आल्यावर त्या वहीच्या जागी डेटाबेस आला. काही वर्षांतच मुंबई, कलकत्ता, मद्रास आणि सिकंदराबाद येथेही अशी केंद्रे उभी राहिली.

डेटाबेसला जोडीदार देणे मात्र वाटते तितके सोपे नसते. मुख्य सर्व्हर प्रत्येक बदलाची नोंद दुसऱ्याकडे पाठवतो आणि दुसरा ती आपल्या प्रतीत उतरवून घेतो. शिवाय दोघे एकमेकांना ठरावीक अंतराने 'मी जिवंत आहे' असा संकेत देत राहतात. हा संकेत थांबला की दुसऱ्याने काय समजावे? कदाचित मुख्य सर्व्हर खरोखरच बंद पडला असेल. कदाचित तो ठणठणीत असेल आणि दोघांमधली तारच तुटली असेल. दुसऱ्या सर्व्हरला हे दोन्ही प्रसंग हुबेहूब सारखेच दिसतात. तार तुटलेली असताना त्याने सूत्रे हाती घेतली, तर दोन्ही सर्व्हर स्वतःला मुख्य समजून एकच बर्थ दोन प्रवाशांना विकतील. या दुभंगलेल्या अवस्थेला 'स्प्लिट ब्रेन' म्हणतात. यंत्र बंद पडण्यापेक्षा ही अवस्था अधिक घातक असते, कारण बंद पडलेले यंत्र निदान खोटे तरी बोलत नाही.

१९८० च्या दशकात डिजिटल इक्विपमेंट कॉर्पोरेशनच्या 'व्हॅक्सक्लस्टर'ने यावर जो उपाय रूढ केला, तो कोणत्याही ग्रामसभेला परिचित आहे. तो म्हणजे गणपूर्ती. प्रत्येक यंत्राला एक मत असते आणि बहुमत हजर असेल तरच काम चालते. परंतु दोनच सभासद असलेल्या सभेत बहुमत म्हणजे दोघेही. एक गैरहजर राहिला की गणपूर्तीअभावी सभा तहकूब! म्हणजे ज्या संकटासाठी दुसरा सर्व्हर आणला, त्याच संकटात तोही हात जोडून उभा राहणार. म्हणून तिसरे मत शोधावे लागते. व्हॅक्सक्लस्टरमध्ये हे मत दोघांना जोडलेल्या एका डिस्कला देता येई. जो सर्व्हर त्या डिस्कपर्यंत पोहोचेल, त्याच्याकडे तीनपैकी दोन मते. आजही दोन सर्व्हरांच्या क्लस्टरला बाहेरचा एखादा साक्षीदार द्यावा लागतो, तो याचसाठी. त्याच्या जोडीला आणखी एक कठोर नियम असतो. नव्या सर्व्हरने सूत्रे घेण्यापूर्वी जुन्याचा वीजपुरवठा तोडावा, म्हणजे तो अर्धवट शुद्धीवर येऊन नोंदी बिघडवणार नाही.

याच घराण्यातील 'ओपनव्हीएमएस' कार्यप्रणालीवर रेल्वेच्या 'क्रिस' या संस्थेची 'कॉन्सर्ट' ही आरक्षण प्रणाली उभी राहिली. एप्रिल १९९९ पर्यंत पाचही केंद्रे एकमेकांना जोडली गेली आणि देशातील कोणत्याही आरक्षण खिडकीवरून कोणत्याही केंद्रातील गाडीचे तिकीट काढणे शक्य झाले. मात्र गाड्यांच्या नोंदी पाच केंद्रांत विभागलेल्याच राहिल्या. मुंबईच्या खिडकीवर आलेली कोलकाता केंद्राच्या गाडीची मागणी कोलकात्यालाच जाई आणि तिथून उत्तर येई. या रचनेमुळे भार वाटला जातो आणि एका केंद्रातील बिघाड सहसा इतरांना बाधत नाही. पण त्याची दुसरी बाजूही आहे. कोलकाता थांबले की कोलकात्याच्या गाड्या सगळीकडेच थांबतात. पाच केंद्रे म्हणजे एकाच वहीच्या पाच प्रती नव्हेत. त्या पाच वेगवेगळ्या वह्या आहेत.

मग प्रत्येक वहीची प्रत दुसऱ्या शहरात ठेवावी, हे ओघानेच आले. येथे भौतिकशास्त्र आडवे येते. कोलकाता आणि मुंबई यांच्यातील सरळ अंतर सुमारे १,६५० किलोमीटर आहे. काचेच्या तंतूतून प्रकाश सेकंदाला सुमारे २ लाख किलोमीटर जातो. म्हणजे संदेश जाऊन पोच परत येण्यास किमान १६ ते १७ मिलिसेकंद लागणार. प्रत्यक्षातला मार्ग वळणावळणाचा असल्याने त्याहून जास्तच. प्रत्येक नोंदीसाठी अशी पोच येईपर्यंत थांबले, तर यंत्रणा मंदावते. न थांबले, तर आगीच्या क्षणी वाटेत असलेल्या नोंदी हरवतात. प्रवाशाच्या हाती तिकीट असते, पण दुसऱ्या शहरातील वहीत त्याचे नाव नसते. वेग हवा की अखेरच्या नोंदीची खात्री, हा निर्णय संकट येण्यापूर्वीच घ्यावा लागतो.

एकाच खोलीतले दोन सर्व्हर डिस्क, पंखा किंवा प्रोसेसर बिघडल्यास एकमेकांना सावरू शकतात. मात्र वीज, धूर आणि पाणी दोघांवर एकाच वेळी येतात. यंत्रांची संख्या दोन असली, तरी संकटाच्या दृष्टीने ती एकच असतात. सांख्यिकीचा विद्यार्थी याला 'घटना परस्पर स्वतंत्र नाहीत' असे म्हणेल. एक सर्व्हर बंद पडण्याची शक्यता शंभरात एक असेल, तर दोन्ही एकदम बंद पडण्याची शक्यता दहा हजारांत एक, हा गुणाकार घटना स्वतंत्र असतील तरच खरा ठरतो. इमारत एक असेल, तर तो कोसळतो.

ज्या शहरात महालनोबिसांनी भारतीय सांख्यिकीचा पाया घातला, त्याच शहरातील त्या रात्रीने सर्वांपुढे ठेवलेला हा धडा आहे. दुसरे यंत्र विकत घेता येते. त्याचे स्वातंत्र्य मात्र जागा, वीज आणि वाटा निराळ्या करून, आणि बदलाची वेळोवेळी प्रत्यक्ष रंगीत तालीम करून, मिळवावे लागते.